मौनाचे व्याज

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आपल्याला भेटते. तिची कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. तिची श्रद्धा, प्रभूच्या वस्त्राला तिने भीतभीत केलेला स्पर्श, तिला लाभलेले आरोग्य ह्यांविषयी आपण भरभरून बोलतो. पण मार्कने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पुष्कळ वैद्यांच्या हाती ह्या स्त्रीने हाल सोसले होते, जवळ होते नव्हते ते सारे खर्चून टाकले होते आणि गुण तर आला नव्हताच, उलट दुखणे बळावले होते. शुभवर्तमानकाराने तिच्या आजाराबरोबर तिचा जमाखर्चही मांडला आहे.

त्या स्त्रीच्या अनेक बहिणी आज आपल्या धर्मग्रामांत आहेत. रविवारच्या मिस्साला त्या आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी बसलेल्या असतात. लग्नाला सहा, आठ, दहा वर्षे झालेली. पाळणा हललेला नाही. आणि घरातील चार पैसे कोठे जातात हे नवरा-बायकोखेरीज कोणालाही ठाऊक नाही. त्यांचा जमाखर्च मात्र कोणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. काही वाचकांना तो रुचणार नाही ह्याची आम्हांला जाणीव आहे.

प्रथम एक खुलासा. अपत्यहीन संसार हा अपुरा संसार असतो असे आम्ही मानत नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी जे प्रबोधनपत्र लिहिले, त्यात अपत्यप्राप्ती शक्य नसतानाही वैवाहिक जीवनाचे मूल्य उणावत नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आमची तक्रार मूल नसलेल्यांविषयी नाही. आमची तक्रार आपणा सर्वांविषयी आहे. ह्या दांपत्यांवर आपण मौन लादले आहे आणि ते मौन त्यांना फार महाग पडते आहे, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

एका वहीतील आकडे

आमच्या परिचयाचे वसई भागातील एक दांपत्य आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांच्या गावाचे नाव आम्ही देत नाही. पती एका खाजगी कंपनीत कारकून, पत्नी शाळेत शिक्षिका. लग्नाला नऊ वर्षे झाली. त्यांनी आपली खर्चाची वही आमच्यापुढे उघडली आणि तिच्यातील आकडे छापण्यास संमती दिली.

त्या वहीतील नोंदी अशा आहेत: तपासण्या आणि दुर्बिणीतून केलेली एक शस्त्रक्रिया, ९० हजार रुपये. पतीचे वीर्य गर्भाशयात सोडण्याचे, ज्याला दवाखान्यात आययूआय म्हणतात, ते पाच प्रयत्न, ६० हजार. आयव्हीएफ म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबीची दोन आवर्तने, ४ लाख. संप्रेरकांची इंजेक्शने, जी ठरवून दिलेल्या 'पॅकेज'मध्ये धरलेलीच नव्हती, १ लाख ४० हजार. मुंबईच्या खेपा आणि बिनपगारी रजा, ५० हजार. एकूण ७ लाख ४० हजार रुपये. ह्यात व्याज धरलेले नाही. आणि पाळणा रिकामाच आहे.

ही वही ज्या बाजूने भरली ती जमेची बाजूही पाहण्यासारखी आहे. आरंभी पतीच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचल झाली. मग पत्नीचे लग्नातील सोने तारण पडले. मग शाळेतील सहकारी शिक्षिकांची भिशी पहिल्याच महिन्यात उचलली गेली. शेवटी धाकट्या भावाकडून दीड लाख घेतले ते घराचे छप्पर दुरुस्त करायचे आहे असे सांगून. ते छप्पर आजही गळते. भाऊ घरी आला की त्याची नजर वर जाते आणि ह्या दोघांची खाली.

ही माणसे खोटे बोलणारी नाहीत. पापनिवेदनाला नियमाने जाणारी, धर्मशिक्षणाच्या वर्गावर मुलांना शिकवणारी अशी ही जोडी आहे. मग सख्ख्या भावाशी ती खोटे का बोलली? कारण खरे सांगितले असते तर दुसऱ्याच दिवशी आळीत चर्चा सुरू झाली असती. दोष कोणात, त्याच्यात की तिच्यात? एवढा पैसा उधळण्यापेक्षा दत्तक का घेत नाहीत? आणि चर्चने मना केलेले हे करतातच कसे? ह्या तीन प्रश्नांच्या धास्तीपोटी त्यांनी छप्पर पुढे केले.

मौनाने खर्च कसा वाढतो

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. म्हणजे ही काही कोणा एका दुर्दैवी घराची कथा नव्हे. पाचशे कुटुंबांच्या धर्मग्रामात अशी घरे प्रत्येक आळीत असणार. तरीही ह्या घरांना एकमेकांचा पत्ता नाही. प्रत्येक जोडपे आपणच काय ते एकटे अशा समजुतीने दवाखान्याची पायरी चढते, आणि एकटा गिऱ्हाईक बाजारात नेहमी नागवला जातो, हे भाजीचा मळा पिकवणाऱ्या आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको.

मौनाने पहिली हानी होते ती उपचारांच्या क्रमाची. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा अंशतः किंवा पूर्णतः वाटा असतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. पुरुषाची प्राथमिक तपासणी ही ह्या सर्व तपासण्यांत सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त. वैवाहिक संबंधाची मर्यादा न ओलांडता नमुना घेण्याची रीतही उपलब्ध आहे. असे असूनही किती घरांत प्रथम सुनेची सोनोग्राफी होते, सुनेच्या गर्भनलिकांचा एक्स-रे होतो, सुनेला भूल देऊन दुर्बीण घातली जाते, आणि दोन वर्षांनी, हजारो रुपये गेल्यावर, मुलाला 'तूही एकदा दाखवून ये' असे सांगितले जाते! पुरुषाच्या अभिमानाची ही किंमत बाईने आपल्या देहाने आणि बाईच्या माहेरने आपल्या पैशाने मोजायची, हा कोणता न्याय?

दुसरी हानी काळाची. स्त्रीचे वय पस्तिशीपलीकडे जाऊ लागले की गर्भधारणेची शक्यता वेगाने घटते. पस्तिशीच्या आतील स्त्रीच्या बाबतीतही आयव्हीएफच्या एका आवर्तनातून मूल हाती येण्याची शक्यता साधारणपणे तीनांत एकाच्या आसपास असते. चाळिशीनंतर ती दहांत एकावर किंवा त्याहूनही खाली येते. थायरॉइडचा बिघाड, गर्भनलिकांचा क्षय, गर्भाशयाच्या अस्तराचे विकार ही कारणे वेळेत सापडली तर पुष्कळदा औषधांनी वा लहान शस्त्रक्रियेने मार्ग निघतो. पण 'लोक काय म्हणतील' ह्या भयाने जी चार वर्षे वाया जातात ती कोणतेही इंजेक्शन परत आणून देत नाही. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या तरुणांची गत तर आणखी बिकट. वर्षाकाठी महिना-दीड महिन्याची रजा. त्यातच डॉक्टर, त्यातच तपासण्या, त्यातच सासरमाहेर. आणि रजा संपली की पुन्हा वर्षभराची प्रतीक्षा.

तिसरी हानी सौद्याची. खाजगी केंद्रांत आयव्हीएफच्या एका आवर्तनाला साधारणपणे दीड ते अडीच लाख रुपये पडतात. त्यात काय येते आणि काय येत नाही हे सांगणारा जाणता माणूस शेजारी असेल तर प्रश्न विचारण्याचे धैर्य येते. इंजेक्शने वेगळी का? भूल देणाऱ्या डॉक्टरांचे पैसे वेगळे का? हे जे जादा उपचार सुचवले जात आहेत, त्यांनी यशाची शक्यता खरोखर वाढते, असा पुरावा आहे काय? ब्रिटनमध्ये तेथील नियामक संस्था अशा जादा उपचारांची पुराव्यानुसार प्रतवारी करून ती लोकांपुढे ठेवते. आपल्याकडे २०२१ साली संसदेने साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा केला. उपचारांचा खर्च, यशाची शक्यता, धोके आणि दुष्परिणाम जोडप्याला समजावून सांगणे हे ह्या कायद्याने केंद्राचे कर्तव्य ठरवले आहे. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असलाच पाहिजे असेही म्हटले आहे. दरांवर मात्र ह्या कायद्याने मर्यादा घातलेली नाही. हा कायदा आपल्या किती जोडप्यांना ठाऊक आहे? कोणाला सांगायचेच नाही असे ठरवून आलेले जोडपे तक्रार तरी कोणाकडे करणार?

चौथी हानी ऋणाची. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या बहुतेक पत्रांत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात. शासनाच्या आयुष्मान भारत योजनेतही ते वगळलेले आहेत. मग उरते कर्ज. सोन्यावरचे कर्ज त्यातल्या त्यात बरे. पण सोने संपले की दवाखान्याच्या टेबलावरच 'सुलभ हप्त्यां'चा कागद पुढे येतो. आधीच थकलेले मन त्या कागदावर सही करून मोकळे होते. मूल झाले तर त्याच्या दुधाबरोबर हप्ता भरायचा. न झाले तर रिकाम्या घरात बसून हप्ता भरायचा.

येथे एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. भारतातील शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेली पहिली टेस्ट ट्यूब बालिका ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत जन्मली ती के. ई. एम. रुग्णालयात, म्हणजे महानगरपालिकेच्या, गोरगरिबांच्या रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांचे सहकारी ह्यांचे ते कार्य. ज्या विद्येचा ह्या देशातील उगम सार्वजनिक रुग्णालयात झाला ती पुढे जवळजवळ संपूर्णपणे खाजगी पेढीवर गेली. गोवा शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला. म्हणजे शासनाने मनावर घेतले तर हे अशक्य नाही. ह्या उपचारांविषयी चर्चची भूमिका काय ती पुढे मांडूच. पण निदान, औषधे आणि शस्त्रक्रिया एवढ्या भागावर तरी कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. तेवढ्यासाठी तरी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागणी केली आहे काय?

शिकवण आणि तिचे मोल

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. श्रद्धा-सिद्धांत मंडळाने २२ फेब्रुवारी १९८७ रोजी 'दोनुम विते' ही सूचनापत्रिका काढली आणि २००८ साली 'दिग्नितास पेर्सोने' ह्या दुसऱ्या पत्रिकेने तिचा विस्तार केला. पतिपत्नींच्या मीलनाची जागा घेणारे तंत्र चर्चला मान्य नाही; देहाबाहेर गर्भधारणा घडवणे मान्य नाही; भ्रूण गोठवणे आणि टाकून देणे तर मुळीच मान्य नाही. त्याच वेळी, पतिपत्नींच्या मीलनाला साहाय्य करणारे, वंध्यत्वाच्या मूळ कारणावर इलाज करणारे उपचार चर्चला मान्य आहेत. इतकेच नव्हे, तर ह्या दिशेने संशोधन व्हावे असे आवाहनही 'दोनुम विते'त आहे. ह्या शिकवणुकीशी आमचा वाद नाही.

आमचा वाद आहे तो ती शिकवण निम्मीच पोहोचवण्याशी. 'नाही' हा शब्द आपल्या लोकांपर्यंत नीट पोहोचला आहे. 'हो' मात्र कपाटात राहिला आहे. काय चालते, ते कोठे मिळते, त्याला किती पडतात, आणि ते पैसे नसतील तर कोणाकडे जायचे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्या विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत मिळत नाही. परिणामी अनेक जोडप्यांना आययूआयविषयीही चर्चचे गंभीर आक्षेप आहेत हे पाच प्रयत्न झाल्यावर कळते, आणि दुसरीकडे काही भाविक जोडपी साधी संप्रेरकांची गोळी घेणेही पाप समजून वर्षे घालवतात. दोन्हीकडे अज्ञान आहे आणि दोन्ही अज्ञानांचे धनी आपण आहोत.

आणि ज्याच्याकडे कोणीच पाहत नाही असा आणखी एक धागा येथे आहे. पैसा आणि सदसद्विवेक ह्यांची ह्या उपचारात एक गाठ पडलेली असते. पूर्ण आवर्तनापेक्षा आधी गोठवून ठेवलेला भ्रूण गर्भाशयात सोडणे पुष्कळ स्वस्त पडते. म्हणून कर्जाने वाकलेल्या जोडप्याला सल्ला मिळतो तो असा, की एकाच वेळी होतील तेवढे भ्रूण तयार करून घ्या. पुढचा प्रयत्न कमी पैशांत होईल. ज्या बाईच्या मनात ह्याविषयी टोचणी असते तिने 'एक-दोनच करा' म्हणावे, तर तिचा खर्च वाढतो. म्हणजे तिने आपला विवेक पाळायचा तर तिच्याजवळ अधिक पैसे हवेत! जिच्याकडे पैसे कमी, तिच्या हातून विवेकाचा भंग अधिक. असा हा बाजाराचा न्याय आहे. उरलेल्या भ्रूणांसाठी मग दरवर्षी साठवणुकीचे भाडे येते. कायद्याने ही मुदत दहा वर्षांची ठेवली आहे. त्यानंतर भ्रूण नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. अशा गोठवलेल्या भ्रूणांची स्थिती हा एक असा अन्याय आहे, की जो पुरता निस्तरता येत नाही, हे २००८ च्या पत्रिकेने खेदाने मान्य केले आहे. आपल्याच धर्मग्रामातील एखादी माता दरवर्षी त्या भाड्याची पावती बायबलच्या पानांत दडवून ठेवत असेल. तिने हे कोणापाशी बोलावे?

पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या धर्मगुरूंना आमची नम्र विनंती आहे. तेथे येणाऱ्या अशा स्त्रीला नियम ठाऊक असतो. म्हणूनच ती आलेली असते. शिलो येथील मंदिरात मुलासाठी ओठ हलवत रडणाऱ्या हन्नाला याजक एलीने आधी मद्यपी ठरवले होते. मात्र खरी स्थिती कळल्यावर त्याने आपला शब्द मागे घेतला आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवले. एलीची चूक आपण सर्वांनी केली आहे. त्याची दुरुस्ती करणे अजून बाकी आहे.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, मूल ही देवाची देणगी आहे. ती विकत घेण्याचा अट्टहास कशाला? मूल हा कोणाचा हक्क नव्हे, ती देणगी आहे, हे आम्हांलाही मान्य. पण हे वाक्य ज्यांच्या मांडीवर तीन देणग्या खेळत आहेत त्यांनी रिकाम्या मांडीला ऐकवू नये. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातील जत्रेत आपण मेणाचे बाळ घेऊन चढण चढतो. तेथे कोणी आपल्याला अट्टहासी म्हणत नाही. मेणाचे बाळ चारचौघांत मिरवता येते, पण उपचाराचे बिल लपवावे लागते, ही कसली भक्ती?

कोणी म्हणेल, दत्तक घ्या. दत्तक ही थोर गोष्ट आहे, पण ती सांत्वनाला फेकलेला तुकडा नव्हे. आपल्या देशात ख्रिस्ती दांपत्याला कायद्याने पूर्ण अर्थाने दत्तक घेण्याची सोय फार उशिरा झाली. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली आपण केवळ 'पालक' होत असू, आई-बाप नव्हे. बालन्याय कायदा २००० साली आला, २००६ साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे ही वाट मोकळी झाली. आज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवल्यावर लहान बाळासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून हा विचार करायचा तर तो लवकर करावा लागतो, उपचारांत सारे गमावून दमल्यावर नव्हे. आणि जी मंडळी 'दत्तक घ्या' म्हणतात, तीच बाळ घरी आल्यावर 'कोणाचे रक्त असेल बाई' म्हणून कुजबुजतात, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे.

कोणी म्हणेल, अशा गोष्टींची उघड चर्चा केली तर निषिद्ध उपचारांना उत्तेजन मिळेल. आमचा अनुभव उलट आहे. ज्यांना योग्य मार्ग वेळेत दिसला नाही, तेच थेट महागड्या दारात जाऊन उभे राहिले. आणि ज्यांना त्या दारातून मूल झाले, त्या मुलांचे काय? कोणत्याही मार्गाने जगात आलेले मूल हे देवाच्या चांगुलपणाचे जिवंत दान म्हणून स्वीकारावे आणि प्रेमाने वाढवावे, असे 'दोनुम विते'नेच बजावले आहे. स्नानसंस्काराच्या कुंडाशी त्या बाळाच्या जन्माची चौकशी करणाऱ्यांनी ही ओळ अवश्य वाचावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: धर्मग्राम म्हणजे काही बँक नव्हे. ह्या आक्षेपाला वसईचा इतिहासच उत्तर देतो. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांनी बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना केली ती आपल्या माणसाला सहकारातून पत मिळावी म्हणून. एका धर्मगुरूला त्या काळी बागायतदाराच्या कर्जाची चिंता वाहणे आपल्या सेवेच्या बाहेरचे वाटले नाही. त्यांच्या वारसांना आज शेजारच्या घरातील कर्ज दिसू नये? आपल्या लग्नसमारंभांत बँड, मंडप आणि जेवणावळींवर जो पैसा एका संध्याकाळी उडतो, त्याच्या एका भागात किती निदाने, किती शस्त्रक्रिया झाल्या असत्या ह्याचा हिशेब कोणी करून पाहावा.

करता येण्याजोगे

केवळ टीका करून थांबणे आम्हांला शोभणार नाही. म्हणून चार सूचना पुढे ठेवतो.

पहिली, विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत एक पूर्ण तास एखाद्या जाणत्या डॉक्टरांनी ह्या विषयाला द्यावा. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत झाली नाही, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे, आणि तपासणी दोघांची एकाच वेळी व्हावी, हे तेथे स्वच्छ शब्दांत सांगावे.

दुसरी, आपल्या ख्रिस्ती रुग्णालयांनी चर्चला मान्य असलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांचे दर फलकावर लावावेत आणि धर्मग्रामाच्या पत्रावर सवलत द्यावी. चर्च ज्याला 'हो' म्हणते ते स्वस्तात मिळण्याची सोय चर्चच्या घरात नसेल, तर ज्याला ते 'नाही' म्हणते त्याविषयी कोणी ऐकून घेईल अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

तिसरी, आपल्या पतपेढ्यांनी शिक्षणासाठी आणि घरासाठी जशी कर्जयोजना आखली, तशी निदान व उपचारांसाठी अल्प व्याजाची एक योजना आखावी. अर्जावर कारण लिहायचे ते फक्त 'वैद्यकीय'. ते संचालक मंडळाच्या बैठकीत वाचले जाऊ नये. दोन पगार येतात म्हणून हे जोडपे गरीब नव्हे अशी समजूत करून घेऊ नये. सोने तारण पडलेले घर बाहेरून सुखवस्तूच दिसते.

चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि कदाचित सर्वांत अवघडही. ज्या जोडप्यांनी हा मार्ग चालून पाहिला आहे, मूल झालेल्यांनी आणि न झालेल्यांनीही, त्यांनी एकमेकांना भेटावे. आणि बाकीच्यांनी 'काय गं, काही विशेष?' हा प्रश्न विचारणे आजपासून बंद करावे. ज्या मावशींना आणि आत्यांना तो विचारल्यावाचून राहवत नाही, त्यांनी त्याऐवजी 'दवाखान्यात सोबत येऊ का?' असे विचारावे.

मार्कच्या त्या अध्यायात पुढे काय घडले ते आपण जाणतोच. ती स्त्री लपून आली होती आणि लपूनच निघून जाणार होती. प्रभू येशू मात्र त्या गर्दीत थांबला. मला कोणी स्पर्श केला, असे त्याने विचारले. शिष्यांना तो प्रश्न खुळेपणाचा वाटला. ती भीतीने थरथरत पुढे आली आणि तिने सारी हकीगत सांगितली, आमचा विश्वास आहे की त्या वैद्यांची आणि गेलेल्या पैशांचीही. प्रभूने तिला एकही दूषण दिले नाही. चारचौघांत त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठवले.

आपण त्या गर्दीतले लोक आहोत. आम्हीही त्यातच आहोत; ज्या दांपत्याची वही आम्ही वर मांडली, त्यांना आम्हीदेखील सहा वर्षे 'काय विशेष?' विचारत होतो. आता पाऊस तोंडावर आला आहे. त्या घरच्या धाकट्या भावाला खरे काय ते सांगावे असे त्या दोघांनी ठरवले आहे, आणि त्यांनी सांगितले म्हणजे त्याने कसे ऐकून घ्यावे हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते आजच ठरवावे, एवढीच ह्या लेखाची मागणी आहे.